हरलेल्या डावाची गोष्ट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात बालगटाच्या बुद्धिबळ स्पर्धेचा बक्षीस समारंभ झाला. त्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. काही सभासदांनी आग्रह धरल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत. – संपादक)



बुद्धीच्या देवतेसमोर बुद्धीच्या खेळाची बक्षिसे वाटायची संधी मला दिलीत, त्याबद्दल मंडळाचे आभार. मी काही मोठा खेळाडू नाही. बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली आणि संध्याकाळी बुद्धिबळ खेळलो, एवढीच माझी ओळख. दांडिया बाजारात आमचे घर होते. ओट्यावर वडील आणि त्यांचे स्नेही कापडी पट अंथरून बसायचे. ते देशी पद्धतीने खेळत. त्यात प्यादे एकावेळी एकच घर पुढे जाते, किल्लेकोट नसतो आणि राजाला आयुष्यात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. मधला डाव रंगात आला की आईने तीन वेळा जेवायला बोलावले तरी कोणी हलत नसे. मी तिथेच, वडिलांच्या मांडीला टेकून, मोहरी ओळखायला शिकलो.

आज मला तुम्हाला एका डावाची गोष्ट सांगायची आहे. हा डाव १८९५ साली खेळला गेला. लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते १८९३ साली, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांनी. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज या गावी एक मोठी स्पर्धा भरली. जगातले बहुतेक सगळे नामांकित खेळाडू तिथे आले होते. आदल्याच वर्षी जगज्जेता झालेला इमॅन्युएल लास्कर होता. त्याने ज्याला हरवले तो वयस्क विल्हेल्म स्टाइनिट्झ होता. रशियाचा मिखाईल चिगोरिन होता आणि जर्मनीतील न्युरेंबर्गचे डॉक्टर सीगबर्ट टाराश होते. एकूण २२ खेळाडू होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे होते. म्हणजे एकेकाच्या वाट्याला २१ डाव.

या २२ जणांत अमेरिकेहून आलेला एक २२ वर्षांचा तरुण होता. हॅरी नेल्सन पिल्सबरी. युरोपात त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. ब्रुकलिनच्या बुद्धिबळ क्लबने त्याला पाठवले होते. मुलांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. हा मुलगा बुद्धिबळ शिकला तो पंधरा-सोळाव्या वर्षी. आपल्याकडे सात वर्षांच्या मुलाला पहिला चषक मिळाला नाही तर घरात चिंता सुरू होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत पिल्सबरी चिगोरिनकडून हरला. दुसऱ्या फेरीत त्याची गाठ पडली डॉक्टर टाराशशी. टाराश हे तेव्हाचे फार मोठे नाव. १८८९ साली ब्रेस्लाऊ, १८९० साली मँचेस्टर, १८९२ साली ड्रेस्डेन, अशा मोठ्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या होत्या. बुद्धिबळाचे शिक्षक म्हणून सारा जर्मनी त्यांच्याकडे पाहत होता. म्हणजे परगावी आलेला अनोळखी पोरगा, पहिला डाव गमावलेला, आणि समोर सगळ्यांचे गुरुजी.

पिल्सबरीकडे पांढरी मोहरी होती. त्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. टाराशांनीही तेच केले. मग पिल्सबरीने त्याच्या शेजारचे, उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून फुकट देऊ केले. याला म्हणतात क्वीन्स गॅम्बिट. त्या नावाची मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. गॅम्बिट हा शब्द मुळात इटालियन भाषेतल्या कुस्तीच्या डावावरून आला, तंगडी अडकवून पाडणे असा त्याचा अर्थ. प्यादे देऊ करायचे आणि ते घ्यायला समोरच्याचे पाऊल पुढे पडले की तंगडी अडकवायची.

टाराशांनी ते प्यादे घेतले नाही. त्यांनी राजापुढचे प्यादे एक घर सरकवून आपल्या मधल्या प्याद्याला टेकू दिला. प्यादे नाकारून उभा राहण्याचा हा बचाव फार जुना आणि फार भरवशाचा. म्हणून त्याच्या एका पद्धतीला ऑर्थोडॉक्स बचाव, म्हणजे सनातनी बचाव, असे नावच पडले आहे. घोडा बाहेर काढायचा, उंट राजापुढे ठेवायचा, किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात सुरक्षित न्यायचे आणि दुसरा घोडा मागे टेकवायचा. सगळे कसे आपल्या जुन्या वाड्यासारखे, भिंती जाड आणि दिंडी दरवाजा भक्कम. मात्र जाड भिंतींच्या वाड्यात एखादी खोली अंधारी राहते, तसा या बचावात वजिराच्या बाजूचा उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो. त्याला उजेडात कसे आणायचे, हा या बचावाचा कायमचा प्रश्न आहे.

टाराशांनी तो व्यवस्थित सोडवला. घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे घेतले, तिथल्या रिकाम्या जागी उंट बसवला आणि त्याला लांबच्या तिरक्या रेषेवर नजर मिळवून दिली. दहाव्या खेळीपर्यंत काळ्याच्या डावात नाव ठेवायला जागा नव्हती.

पुढे अकराव्या खेळीला त्यांनी एक निर्णय घेतला. सी पट्टीवरचे प्यादे सी-४ वर ढकलले. पांढऱ्याच्या उंटाला मागे हटावे लागले. टाराशांचा हिशेब असा. वजिराच्या बाजूला माझी तीन प्यादी आहेत आणि याची दोन. मी ती तीन हळूहळू पुढे नेईन, त्यातले एक शेवटच्या घरी पोचून वजीर होईल आणि डाव संपेल. हिशेबात चूक नव्हती. पण या खेळीने पटाच्या मध्यावरचा ताण सुटला. मध्यावरून आपल्यावर हल्ला होणार नाही याची खात्री पिल्सबरीला मिळाली. आता त्याला दुसऱ्या बाजूला, राजावर, निवांतपणे चालून जाता येणार होते.

दोन खेळ्यांनी त्याने एक घोडा पटाच्या मध्यावर, ई-५ या घरी नेऊन बसवला आणि त्याच्या मागे एफ पट्टीवरचे प्यादे खांबासारखे उभे केले. घोडा तिथे बसला की हलवणे कठीण. ही मांडणी पुढे पिल्सबरीच्या नावानेच ओळखली जाऊ लागली.

इथून पुढचा डाव दोन शर्यतींसारखा आहे. डाव्या बाजूला टाराशांची प्यादी एकेक घर पुढे सरकत होती. उजव्या बाजूला पिल्सबरीची मोहरी राजाभोवती गोळा होत होती. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टाराश भेदरले नाहीत. राजापुढची भिंत त्यांनी एफ-६ वर प्यादे ठेवून मजबूत केली. ते घर राखायला पुढे घोडाही डी-७ वर आणला. राजाला कोपऱ्यात नेले, पुन्हा बाहेर आणले. प्रत्येक धमकीला उत्तर दिले आणि मिळालेल्या प्रत्येक मोकळ्या खेळीत आपली प्यादी पुढे ढकलली. एकोणचाळिसाव्या खेळीच्या सुमाराला तर चित्र असे होते की वजिराच्या बाजूची पिल्सबरीची तटबंदी साफ कोसळली होती. टाराशांच्या उंटाने तिथले प्यादे मारले होते. त्यांचा हत्ती आत घुसला होता. सी पट्टीवरचे प्यादे सी-३ वर पोचले होते, वजीर व्हायला फक्त दोन घरे उरली होती. एखादा घाबरट खेळाडू असता तर धावत त्या प्याद्याला अडवायला गेला असता.

पिल्सबरीने आपला हत्ती जी पट्टीवर, राजासमोर आणला. मारामारी झाली. मग त्याने घोडा एच-६ वर टाकला. आता हत्तीने जी-८ वर शह दिला की मात होती. टाराशांनी आपला हत्ती मध्ये घातला, हत्तींची अदलाबदल झाली. पिल्सबरीने वजिराचा शह दिला. आता टाराशांच्या राजाने पुढे येऊन तो घोडाच खाल्ला. खाल्ला म्हणजे खावाच लागला. कोपऱ्यात परत जावे तर घोडाच एफ-७ वर येऊन मात करतो.

मोहऱ्या मोजा. टाराशांकडे एक अख्खा घोडा जास्त. त्यांचे प्यादे वजीर होण्यापासून दोन घरांवर. राजा मात्र किल्ल्याबाहेर, मोकळ्या मैदानात. आता पांढऱ्याची पंचेचाळिसावी खेळी. आपण असतो तर काय केले असते? शह, शह आणि आणखी एक शह. पिल्सबरीने शह दिलाच नाही. त्याने आपला राजा शांतपणे एक घर बाजूला, कोपऱ्यात सरकवला. बस, एवढेच. तो राजा जिथे उभा होता नेमके तेच घर त्याच्या हत्तीला हवे होते. राजाने वाट मोकळी करून दिली. पुढच्या खेळीला हत्ती तिथे आला आणि काळ्या राजाच्या परतीची वाट बंद झाली. मात टाळायला टाराशांना वजीर द्यावा लागला, मग घोडाही गेला. बावन्नाव्या खेळीला वजिराने मात झाली. त्या वेळी टाराशांचे ते प्यादे सी-२ वर होते, वजीर व्हायला एकच घर बाकी.

एक घर. मुलांनो, हा डाव मी शंभर वेळा तरी मांडला असेन. दर वेळी ते सी-२ वरचे प्यादे पाहून मला टाराशांबद्दल वाईट वाटते.

हा डाव आज सांगायला घेतला त्याची कारणे वेगळी आहेत. ती आता सांगतो.

पहिले कारण टाराशांचे. डाव हरला म्हणजे सगळे चुकले, असे आपण धरून चालतो. सनातनी बचाव हरला म्हणून तो टाकाऊ ठरला का? २०१० साली सोफियामध्ये आपला विश्वनाथन आनंद जगज्जेतेपदासाठी टोपालोवशी लढत होता. अकरा डावांनंतर दोघे बरोबरीत. बारावा, शेवटचा डाव. आनंदकडे काळी मोहरी. आयुष्यातल्या त्या सगळ्यांत महत्त्वाच्या डावात त्याने कोणता बचाव निवडला? हाच. प्यादे नाकारून उभा राहण्याचाच, त्यातली लास्करच्या नावाची पद्धत. आणि तो जिंकला. म्हणजे एक डाव हरला म्हणून बचाव वाईट ठरत नाही, आणि खेळणारा तर मुळीच नाही. टाराश त्या पराभवानंतर आणखी एकोणीस डाव खेळले आणि बावीस जणांत चौथे आले, १४ गुण मिळवून.

दुसरे कारण पिल्सबरीचे. ती स्पर्धा शेवटी जिंकली त्यानेच. २१ पैकी साडेसोळा गुण. चिगोरिन सोळावर दुसरा, जगज्जेता लास्कर साडेपंधरावर तिसरा. पण जिंकणारा पिल्सबरी तीन डाव हरला होता. चिगोरिनकडून, लास्करकडून आणि श्लेख्टरकडून. पहिला नंबर, आणि तीन पराभव. हे आपल्या मुलांना आपण कधी सांगतो का?

तिसरे कारण मात्र माझ्या घरातले आहे. माझ्या मुलाची परवानगी घेऊन सांगतो. तो आज समोर बसला आहे.

तो दहा वर्षांचा होता. चांगला खेळायचा, माझ्यापेक्षा चांगला. आम्ही दोघे रेल्वेने दुसऱ्या शहरात एका स्पर्धेला गेलो होतो. चौथ्या फेरीत त्याचा डाव जिंकलेला होता. एक हत्ती जास्त. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. त्याने घाईत हत्ती चुकीच्या घरी ठेवला आणि तीन खेळ्यांत मात झाली. तो उठून माझ्याकडे आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मला तेव्हा दिसले नाही, आता दिसते. मी त्याला तिथेच, सगळ्यांच्या देखत, बोललो. गाडीत बसल्यावर पुन्हा बोललो. एवढा पैसा, एवढा वेळ, डोके कुठे असते तुझे, असे सगळे. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. उलट एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने पट माळ्यावर ठेवून दिला. मला वाटले आठ दिवसांत राग जाईल. राग नव्हताच तो. त्यानंतर त्याने मोहऱ्यांना हात लावला नाही. तो शिकला, नोकरीला लागला, पुण्याला गेला. बाकी सगळ्यांत त्याने माझा मान ठेवला. पण माझ्यासमोर पटावर बसला नाही.

मी त्याला त्याच्या पराभवापासून वाचवायला निघालो होतो. तो पुन्हा हरू नये, एवढेच मला हवे होते. बचाव करता करता मी नेमके जे वाचवायचे तेच गमावले. हत्ती त्याने एकदा चुकीच्या घरी ठेवला, मीही त्या दिवशी चुकीच्याच घरी गेलो. त्याची चूक तीन खेळ्यांत संपली. माझी तीस वर्षे चालली.

यंदा गणपतीसाठी तो सहकुटुंब आला आहे. त्याची मुलगी नऊ वर्षांची. रविवारी आपल्या स्पर्धेत तिचे नाव घातले, तिच्याच हट्टाने. पहिल्याच फेरीत ती हरली. साडेदहा वाजता हॉलबाहेर आली आणि मला विचारले, "आजोबा, तुम्ही ओरडणार का?"

तिला हे कोणी सांगितले असेल ते मला कळले. मी तिला म्हटले, "नाही ग. कसा झाला डाव, मला दाखव." आम्ही मंडळाच्या ओसरीवर बसलो. तिला एकूण एक खेळी आठवत होती. कुठे घोडा गेला, कुठे वजीर अडकला, सगळे तिने मांडून दाखवले. मग म्हणाली, "आता पुढचा डाव कधी?" आणि मला तिला सांगावे लागले की पुढचा डाव नाही. तू हरलीस, म्हणजे तू स्पर्धेतून बाद. आता पुढच्या वर्षी.

मंडळींनो, इथे माझे भाषण जरा तक्रारीकडे वळते आहे, मला माफ करा. कार्यकर्त्यांनी स्पर्धेसाठी केलेली धावपळ मी पाहिली आहे. पट आणण्यापासून मुलांना दूध-बिस्किटे देण्यापर्यंत कशाचीही उणीव नव्हती. पण आपली स्पर्धा बाद पद्धतीची आहे. चव्वेचाळीस मुले खेळायला आली. पहिल्या फेरीनंतर बावीस मुले घरी गेली, साडेदहा वाजता, एक डाव खेळून. वर्षभर वाट पाहिलेल्या स्पर्धेत एक डाव.

आता हेस्टिंग्ज आठवा. तिथे बाद पद्धत असती तर काय झाले असते? पिल्सबरी पहिल्या फेरीत हरला होता. तो पहिल्या दिवशी सामान बांधून अमेरिकेला परत गेला असता. आता ज्या डावाची गोष्ट सांगितली तो डाव झालाच नसता. स्पर्धेचा विजेताच पहिल्या फेरीत बाद झाला असता, आणि आज त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. त्याच स्पर्धेत इटलीचे व्हेर्गानी शेवटचे, बाविसावे आले. २१ डावांत त्यांना तीन गुण मिळाले. पण ते २१ डाव खेळले. लास्कर, स्टाइनिट्झ, पिल्सबरी, सगळ्यांसमोर बसले. आपल्याकडे पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलाला हे कुठे मिळते?

सगळ्यांशी सगळे खेळले तर आठ दिवस लागतील हे मला कळते. त्यावर उपाय आहे. गंमत म्हणजे तोही १८९५ सालचाच. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये झुरिच इथे एका स्पर्धेत नवी पद्धत वापरली गेली, म्हणून तिला स्विस पद्धत म्हणतात. त्यात कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावायची. जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी. म्हणजे दुसऱ्या फेरीत माझ्या नातीसमोर तिच्यासारखेच हरलेले दुसरे लेकरू बसले असते, आणि दोघांपैकी एकाला तरी दुपारी हसत घरी जाता आले असते.

मी हिशेब केला आहे. बँकेतली सवय. चव्वेचाळीस मुलांची बाद स्पर्धा म्हणजे चव्वेचाळीसचे बावीस, बावीसचे अकरा, मग सहा, तीन, दोन आणि एक. एकूण सहा फेऱ्या. स्विस पद्धतीने विजेता ठरवायलाही सहा फेऱ्या पुरतात. म्हणजे वेळ तेवढाच. फक्त बावीस पट दिवसभर मांडलेले राहतील आणि चव्वेचाळीस मुलांच्या जेवणाची सोय करावी लागेल. पटांची जबाबदारी मी घेतो. जेवणाची मंडळाने घ्यावी. आपल्या मंडळाच्या महाप्रसादाला किती पाने उठतात ते मला माहीत आहे, चव्वेचाळीस मुलांची खिचडी आपल्याला जड नाही.

पालकांना माझी दोनच मागणी आहेत. मूल खेळून बाहेर आले की "जिंकलास का?" असे विचारू नका. "डाव दाखव" म्हणा. तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तर उत्तमच, मग मुलालाच तुम्हाला शिकवावे लागेल. आणि हरलेल्या डावातली चूक त्या दिवशी दाखवू नका. रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी चूक मुलाला स्वतःलाच दिसते, आणि स्वतःला दिसलेली चूक जन्मभर लक्षात राहते. दुसऱ्याने दाखवलेली चूक लक्षात राहत नाही, दाखवणाऱ्याचा आवाज तेवढा राहतो.

आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. गुजरातचे पहिले ग्रँडमास्टर अहमदाबादचे तेजस बाकरे झाले. हे आडनाव आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपल्या मुलांतही कोणी तसा निघेल, न निघेल. निघाला नाही तरी माझी हरकत नाही. चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस मुलांनी चाळिसाव्या वर्षी आपल्या लेकरासमोर पट मांडावा, एवढे मला पुरेसे वाटते. आमच्या ओट्यावर वडिलांबरोबर बसणाऱ्यांत कोणी चषक मिळवला नव्हता.

बाकीचे थोडक्यात. रविवारी रात्री आरती झाल्यावर नातीने माझ्यासमोर पट मांडला. सनातनी बचाव मी तिला शिकवत होतो. प्यादे घ्यायचे नाही, टेकू द्यायचा, वगैरे. बारा-पंधरा खेळ्या झाल्या. मागे कोणी येऊन उभे राहिल्याचे मला जाणवले. मी वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "बाबा, तिला तिथे हत्ती ठेवू देऊ नका. तुम्हाला कळतंय ना पुढे काय होणार?" मी म्हणालो, "कळतंय. ठेवू दे तिला. उद्या दाखवू."

तो खाली बसला नाही. पण डाव संपेपर्यंत तिथून हललाही नाही.

बक्षीस मिळालेल्या सर्व मुलांचे अभिनंदन. बक्षीस न मिळालेल्या एकेचाळीस मुलांना सांगतो, पिल्सबरीसुद्धा पहिला डाव हरला होता. पुढच्या वर्षी पट घेऊन मी दाराशीच उभा असेन. या.

गणपती बाप्पा मोरया!

(कार्यकारिणीने या सूचनेचा विचार केला असून यंदाची बालगटाची बुद्धिबळ स्पर्धा स्विस पद्धतीने, सहा फेऱ्यांची होईल. खेळाडूंच्या दुपारच्या जेवणाची सोय मंडळातर्फे केली आहे. – संपादक)